मेव्हनचे प्रोजेक्ट रिपोर्ट: 'साइट' फुटतेय, कव्हरेज गायब. कुणी लावलंय का हे?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. होटगी रोडला एका छोट्या कंपनीत जावावर काम करतो. पतसंस्थांचं सॉफ्टवेअर आहे. ठेवी, कर्ज, पिग्मी, पासबुक छपाई वगैरे. मेव्हन (जावाचं बिल्ड टूल) प्रोजेक्ट, एका पॅरेंटखाली पाच मॉड्यूल.

पुण्याच्या क्लायंटनं नवीन फर्मान काढलंय. दर महिन्याच्या रिलीजबरोबर 'प्रोजेक्ट रिपोर्ट' द्यायचा: कुठल्या लायब्रऱ्या वापरल्या, त्यांचं लायसन्स काय, टेस्ट किती पास, कव्हरेज (टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला) किती, कोडिंग स्टँडर्ड पाळलं का. आजवर आमच्याकडं एक पोरगा हे सगळं एक्सेलमध्ये हातानं भरायचा. तो पोरगा आता बंगळुरूला गेला.

पॅरेंट पॉमच्या (पॉम म्हणजे मेव्हनची सेटिंगची फाइल) रिपोर्टिंग विभागात प्रोजेक्ट-इन्फो-रिपोर्ट्स प्लगइन टाकलंय, ३.० च्या पुढचं. अडचणी अशा:

माझ्या लॅपटॉपवर 'मेव्हन साइट' (रिपोर्टची पानं काढणारी कमांड) नीट चालतं. ऑफिसच्या बिल्ड सर्व्हरवर 'नो क्लास डेफ फाउंड' येऊन फुटतं. क्लासचं नाव डॉक्सिया... साइटरेंडरर... डॉक्युमेंटकंटेंट. पॉम तोच, कोड तोच.

कव्हरेज मोजायला जाकोको लावलंय, पण लॉगमध्ये एक्झिक्युशन डेटा फाइल नाही म्हणून स्किप केलं असं सांगतं.

आणि पानं ढीगभर निघतात. त्यातली ठेवायची कुठली?

(इथला एडिटर कोनी कंस गिळतो, म्हणून टॅग शब्दांत लिहितोय. सांभाळून घ्या.)

हुरडा_पार्टी
पोरगा परत बोलवा. प्रश्न मिटला.

कडक_भाकरी
पहिल्या प्रश्नाचं: सर्व्हरवर मेव्हन कितवं आहे? आणि साइट प्लगइनची आवृत्ती पॉममध्ये लिहिलीय का?

लिहिली नसेल तर मेव्हन स्वतःच्या ठरलेल्या यादीतून आवृत्ती उचलतं. ३.८ पर्यंतच्या मेव्हनमध्ये ती ३.३ होती, ३.९ पासून ३.१२.१ झाली. लॅपटॉपवर ३.९ असणार आणि सर्व्हरवर उबुंटूच्या ऍप्टनं बसवलेलं ३.६.३. पैज लावतो.

डॉक्सिया म्हणजे साइटची पानं रंगवणारी लायब्ररी. साइट प्लगइन ३.३ जुनं डॉक्सिया घेऊन येतं आणि तुमचं रिपोर्ट प्लगइन त्यात नसलेला क्लास मागतं. पॅरेंटच्या बिल्ड विभागात, प्लगइन मॅनेजमेंटमध्ये साइट प्लगइन ठोकून बसवा. ३.७.१ किंवा पुढचं. फक्त ३.२० पासूनचं साइट प्लगइन डॉक्सिया २ वर गेलंय, तेव्हा तिथं उडी मारायची तर रिपोर्टवाली प्लगइनही त्याच काळातली घ्या. नवं-जुनं मिसळलं की हाच एरर दुसऱ्या क्लासच्या नावानं येतो.

सातरस्ता
अहो पण हे वाचतं कोण? आमच्या आधीच्या कंपनीत रोज रात्री साइट तयार व्हायची. वर्षानुवर्षं. एकदा डिस्क भरली म्हणून कुणीतरी ते फोल्डरच उडवलं, तर महिनाभर कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

माझं स्पष्ट मत: रिपोर्ट म्हणजे क्लायंटच्या समाधानाचा कागद. कामाचं काय असेल तर ते 'चेक'. चेकस्टाइल, पीएमडी, स्पॉटबग्ज ही कोड तपासणारी टूल्स, शिवाय जाकोको, सगळ्यांना चेक नावाचा गोल (प्लगइनचं एक काम) आहे. तो व्हेरिफाय फेजला (बिल्डचा तपासणीचा टप्पा) बांधा. नियम मोडला की बिल्ड पडलं पाहिजे. बिल्ड पडलं की माणूस वाचतो. झक मारून वाचतो.

विणकर
सातरस्ता मालक, अर्धं मान्य. चेक पाहिजेच. पण चेक फक्त आज काय मोडलं ते सांगतो. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉग४जे या लायब्ररीतल्या सुरक्षेच्या भोकाचं प्रकरण झालं तेव्हा आमच्याकडं साहेबांचा पहिला प्रश्न होता, "आपल्या कुठल्या प्रोजेक्टमध्ये आहे हे?" ज्यांची डिपेंडन्सीची पानं तयार होती ते पानं उघडून शोधून मोकळे झाले. बाकीचे रात्रभर एकेका मॉड्यूलचं ट्री काढत बसले.

आता धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडं. रिपोर्टिंग विभागात नुसतं प्लगइन लिहिलं की त्याचे सगळे रिपोर्ट निघतात. प्लगइनच्या आत 'रिपोर्टसेट्स', त्यात 'रिपोर्टसेट', त्यात 'रिपोर्ट्स' आणि हवे तेवढेच 'रिपोर्ट' अशी उतरंड आहे. तुमच्या क्लायंटसाठी मी एवढेच ठेवले असते: इंडेक्स, समरी, डिपेंडन्सीज, लायसन्सेस, आणि पॅरेंटला डिपेंडन्सी-कन्व्हर्जन्स. शेवटचा फार कामाचा. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या दोन मॉड्यूलमध्ये शिरल्या असतील तर तो दाखवतो.

इंटरनेटवरचे जुने लेख पाहून लिहाल तर नावांवर अडखळाल. ३.० मध्ये ती बदलली. 'लायसन्स' होतं त्याचं 'लायसन्सेस' झालं, 'प्रोजेक्ट-टीम'चं नुसतं 'टीम', 'सीआयएम'चं 'सीआय-मॅनेजमेंट', 'इश्यू-ट्रॅकिंग'चं 'इश्यू-मॅनेजमेंट'.

सौ_कमिट
टीमच्या पानावर एक इशारा. पॉममधल्या डेव्हलपर विभागातलं सगळं तिथं छापलं जातं, ईमेलसकट. शिवाय ईमेलवरून ग्रॅव्हटार साइटवरचा फोटो आणतं. आमच्या एका दादांनी कॉलेजात असताना तिथं स्वतःचा गॉगल घातलेला, बुलेटवर बसलेला फोटो टाकला होता. तो क्लायंटच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर आला, खाली पदनाम 'आर्किटेक्ट'.

शो-अव्हटार-इमेजेस फॉल्स केलं की फोटो जातात.

हुरडा_पार्टी
बुलेट कुठली होती?

सौ_कमिट
भाड्याची.

हिंजवडीकर_मूळचा_बार्शीचा
२०२० नंतर नवीन काम कोण मेव्हनवर करतं? ग्रेडलला (मेव्हनसारखंच दुसरं बिल्ड टूल) 'प्रोजेक्ट-रिपोर्ट' प्लगइन लावा, एका टास्कमध्ये डिपेंडन्सीचं एचटीएमएल हातात.

कडक_भाकरी
येतं ना. डिपेंडन्सी, प्रॉपर्टी आणि टास्क, एवढंच येतं. लायसन्सला वेगळं प्लगइन शोधा, साइट म्हणावी असं काही नाही. आणि ज्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आज चालू आहे ते तुमच्या हौसेसाठी कोण हलवणार? बार्शीला असताना असं बोलत नव्हता तुम्ही. (ह. घ्या.)

इंद्रभुवन
रिपोर्टिंग आणि बिल्ड या दोन विभागांत लोकांचा कायम गोंधळ होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मेव्हन २ मध्ये रिपोर्ट काढायचं काम मेव्हनच्या गाभ्यातच होतं. २०१० ला मेव्हन ३ आलं तेव्हा ते काढून साइट प्लगइनच्या गळ्यात घातलं. मध्ये एक टप्पा असा होता की रिपोर्टची प्लगइन साइट प्लगइनच्या कॉन्फिगरेशनच्या आत लिहायची. ते पुढं बंद झालं, पण तसले पॉम अजून कॉपी-पेस्ट होत फिरतात. दिसला तर सरळ रिपोर्टिंगमध्ये हलवा.

आजचा नियम असा. रिपोर्टिंगमध्ये लिहिलेलं कॉन्फिगरेशन फक्त साइट काढताना लागू होतं. बिल्डमध्ये लिहिलेलं दोन्हीकडं, पण दोघांत वाद झाला तर साइटपुरतं रिपोर्टिंगचं चालतं. म्हणून चेकस्टाइलची नियमांची फाइल फक्त रिपोर्टिंगमध्ये दिली आणि 'चेक' बिल्डमध्ये बांधला, तर चेक तुमची फाइल बघतच नाही, तो स्वतःचे सन कंपनीवाले नियम लावतो. रिपोर्ट स्वच्छ, बिल्ड लाल. माणूस डोकं धरून बसतो. नियमांची फाइल बिल्डच्या प्लगइन स्तरावर द्या, म्हणजे दोघांना एकच मिळेल.

आणि स्वतःची साइट डॉट एक्सएमएल केली असेल तर त्यात मेन्यूला 'रेफ रिपोर्ट्स' दिलंय का पाहा. नसेल तर पानं तयार होतात, पण मेन्यूत दिसत नाहीत.

जुळे_सोलापूरकर
कडक_भाकरी, पैज जिंकलात मालक. सर्व्हरवर ३.६.३ च निघालं. साइट प्लगइनची आवृत्ती लिहिली आणि एरर गेला. शेंगा चटणी माझ्याकडून.

आता चेकस्टाइल लावलं तर हजारो वॉर्निंग. ओळ ऐंशी अक्षरांच्या पुढं गेली, पॅरामीटर फायनल नाही, जावाडॉक नाही. आणि व्याजाच्या क्लासमध्ये 'मॅजिक नंबर' म्हणून ३६५०० वर लाल रेघ. अहो, मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस भागिले ३६५००, हे सूत्र आमच्या पिग्मी एजंटालाही पाठ आहे. त्यात कसली जादू?

पार्कचौक
सनचे नियम आहेत हो ते. उणे एक, शून्य, एक आणि दोन सोडून कुठलाही आकडा त्याला जादूचाच वाटतो.

पिग्मीवाल्याचा_मुलगा
वडील पिग्मी गोळा करायचे म्हणून अधिकारानं विचारतो: लीप वर्षात काय करता? ३६५०० च ठेवता की ३६६००?

जुळे_सोलापूरकर
आमच्याकडं ३६५०० च.

पिग्मीवाल्याचा_मुलगा
सगळ्या संस्थांना तेच चालतं? काही जणांना लीप वर्षात ३६६ धरायचे असतात. ठेवीला एक आणि कर्जाला दुसरं असंही असू शकतं. हा आकडा कोडमध्ये किती ठिकाणी आहे?

जुळे_सोलापूरकर
शोधलं. ठेव, कर्ज आणि पिग्मी, तिन्ही मॉड्यूलमध्ये. पिग्मीत एका ठिकाणी ३६५ वेगळं आणि १०० वेगळं लिहिलंय, त्यात इंटिजरचा भागाकार मध्येच होतोय.

विणकर
म्हणजे पैसे खाली पडतायत! ती ओळ आधी दुरुस्त करा बे, रिपोर्ट राहू दे.

सातरस्ता
हे चेकनं पकडलं असतं.

विणकर
हजारो वॉर्निंगचा चेक लावला असता तर दुसऱ्या दिवशी टीमनं तो बंद केला असता. नियम निवडून घ्या. नवीन एक्सएमएल करा, त्यात मॅजिक नंबर, न वापरलेले इम्पोर्ट, रिकामे कॅच ब्लॉक, इक्वल्स लिहिलं पण हॅशकोड नाही, असले दहा-बारा नियम ठेवा. ओळीची लांबी, फायनल पॅरामीटर वगैरे नंतर बघू. जुन्या कोडसाठी सप्रेशनची फाइल. मग चेक लावा, कुणी ओरडणार नाही.

आणि जेएक्सआर प्लगइन रिपोर्टिंगमध्ये जरूर टाका. ते सोर्स कोडचीच पानं बनवतं, मग चेकस्टाइल आणि पीएमडीच्या रिपोर्टमधल्या ओळीवर क्लिक केलं की थेट तो कोड उघडतो.

इंद्रभुवन
पीएमडीबरोबर सीपीडीही येतं, कॉपी-पेस्ट शोधणारं. किमान टोकन शंभर हा त्याचा मूळ आकडा आहे. ठेव आणि कर्जाच्या व्याजाचे क्लास शेजारी ठेवून बघा, मला वास येतोय.

चादर_टॉवेल
मे महिना, चव्वेचाळीस अंश, लाइट गेलेली, इन्व्हर्टर कुंथतोय आणि साइट प्लगइन पहिल्यांदा चालवलंय. अर्धं मेव्हन सेंट्रल उतरवून घेतंय. अशात कोणाला रिपोर्ट सुचतात हो?

कडक_भाकरी
एकदा उतरलं की पुढच्या वेळी ऑफलाइन मोडमध्ये चालतं. आणि नुसती स्वतः लिहिलेली पानं बघायची असतील तर जनरेट-रिपोर्ट्स फॉल्स द्या, किंवा 'साइट रन' करा. जेट्टी नावाचा छोटा वेब सर्व्हर ८०८० पोर्टवर उठतो, ब्राउझरमध्ये बघत बसा.

सौ_कमिट
जाकोकोचं कुणी सांगितलंच नाही अजून. जुळे_सोलापूरकर, शुअरफायरमध्ये (टेस्ट चालवणारं प्लगइन) आर्गलाइन (जावाला द्यायचे पर्याय) दिलीय का? मेमरीसाठी वगैरे?

जुळे_सोलापूरकर
हो ताई, पॅरेंटमध्येच आहे. पिग्मीच्या टेस्टना मेमरी पुरत नाही म्हणून एक्सएमएक्स वाढवलंय.

सौ_कमिट
तिथंच पाणी मुरतंय. जाकोकोचा प्रिपेअर-एजंट गोल आर्गलाइन नावाच्या प्रॉपर्टीत स्वतःचा एजंट लिहून ठेवतो आणि शुअरफायर ती वाचतं. तुम्ही कॉन्फिगरेशनमध्ये थेट एक्सएमएक्स लिहिलंत की ती प्रॉपर्टी कुणी वाचतच नाही. टेस्ट चालतात, एजंट नसतो, डेटा फाइल तयार होत नाही.

एक्सएमएक्सच्या आधी ऍट-चिन्ह आणि महिरपी कंसात आर्गलाइन असं लिहा. डॉलर नको, ऍटच. डॉलरची किंमत पॉम वाचतानाच भरली जाते, तेव्हा जाकोकोनं अजून काही लिहिलेलं नसतं. ऍटची टेस्ट चालवायच्या क्षणी भरली जाते.

दुसरं, साइट हे स्वतंत्र लाइफसायकल आहे. नुसतं 'मेव्हन साइट' म्हटल्यानं व्हेरिफाय होत नाही. 'क्लीन व्हेरिफाय साइट' असं एका दमात चालवा. मग शुअरफायरच्या रिपोर्टला 'रिपोर्ट'ऐवजी 'रिपोर्ट-ओन्ली' द्या, नाहीतर तो टेस्ट पुन्हा पहिल्यापासून चालवतो.

तिसरं, रिपोर्टसेटमध्ये जाकोकोचा फक्त 'रिपोर्ट' निवडा. सगळ्या मॉड्यूलचं एकत्र कव्हरेज हवं असेल तर एक वेगळं रिकामं मॉड्यूल करून बाकीची त्याला डिपेंडन्सी म्हणून द्या आणि तिथं 'रिपोर्ट-ऍग्रिगेट'.

हिंजवडीकर_मूळचा_बार्शीचा
एवढं करण्यापेक्षा कोड तपासणारा सोनारक्यूब सर्व्हर बसवा की. डॅशबोर्ड दाखवा, क्लायंट खूश.

चादर_टॉवेल
आमच्या सर्व्हरवर सोनार बसवलं तर बाकी सगळं खाली उतरवावं लागेल. आणि क्लायंटला फाइल पाहिजे, पुण्यात बसून आमचा सर्व्हर कोण बघणार?

पार्कचौक
थोडं अवांतर. आमच्या साइटच्या पानावर संस्थेचं नाव मराठीत होतं तिथं प्रश्नचिन्हांची माळ आली होती. विंडोजवर. कुणाला उपाय माहीत आहे का?

इंद्रभुवन
प्रोजेक्ट-बिल्ड-सोर्सएन्कोडिंग आणि प्रोजेक्ट-रिपोर्टिंग-आउटपुटएन्कोडिंग, दोन्ही प्रॉपर्टी यूटीएफ-८ करा. पहिली नसेल तर जुन्या जावावर विंडोजचं स्वतःचं एन्कोडिंग धरलं जातं आणि त्यात देवनागरी नाही. जावा १८ पासून मूळ एन्कोडिंगच यूटीएफ-८ झालंय, तरी लिहून ठेवा.

शीर्षकंही मराठी हवी असतील तर प्रोजेक्ट-इन्फो-रिपोर्ट्सला 'कस्टमबंडल' नावाचा पर्याय आहे. स्वतःची प्रॉपर्टी फाइल देऊन रिपोर्टमधली वाक्यं बदलता येतात.

हुरडा_पार्टी
'अवलंबित्व अहवाल' वाचून क्लायंट पळून जाईल. राहू द्या इंग्रजीच.

जुळे_सोलापूरकर
अपडेट. कव्हरेज आलं. ताईंच्या ऍट-चिन्हानं काम केलं. ठेव मॉड्यूल बरं आहे, पिग्मीची अवस्था सांगण्यासारखी नाही.

एक नवीन: पॅरेंटच्या पानावरून मॉड्यूलच्या लिंकवर क्लिक केलं की पान सापडत नाही.

कडक_भाकरी
प्रत्येक मॉड्यूलची साइट त्याच्या स्वतःच्या टार्गेट फोल्डरमध्ये पडते, म्हणून लिंका तुटतात. साइट झाल्यावर 'साइट स्टेज' चालवा. टार्गेटखालच्या स्टेजिंग फोल्डरमध्ये सगळं एकत्र बसतं. त्यासाठी डिस्ट्रिब्युशन मॅनेजमेंटमध्ये साइटचा पत्ता लागतो, खरोखर कुठं चढवणार नसलात तरी. मग तेच फोल्डर झिप करून पाठवा.

जुळे_सोलापूरकर
झालं. झिप गेली.

आणि सातरस्ता मालक, वाचतात बरं का. क्लायंटचा ईमेल आला. बाकी कशाबद्दल अक्षर नाही, फक्त लायसन्सच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि एका ओळीभोवती पिवळा गोल: आयटेक्स्ट ५, एजीपीएल. पासबुक आणि पावत्यांच्या पीडीएफसाठी वापरतो आम्ही. त्यांच्या वकिलांनी विचारलंय, सोर्स कोड खुला करणार की व्यावसायिक लायसन्स घेतलंय?

सातरस्ता
घ्या. चेकनं हेही पकडलं असतं. लायसन्स तपासून बिल्ड पाडणारी प्लगइन आहेत.

विणकर
मालक, आता तरी एक रिपोर्ट कुणीतरी वाचला हे कबूल करा की ओ.

सातरस्ता
वकिलानं वाचला. डेव्हलपरनं नाही.

सौ_कमिट
आयटेक्स्ट ५ पासून एजीपीएल आहे. त्याआधीची ४ एलजीपीएल-एमपीएलमध्ये होती, तिच्यापासूनच ओपनपीडीएफ निघालं. ते वापरता येईल. पण तुमचे इम्पोर्ट बदलावे लागतील, पॅकेजचं नाव वेगळं आहे. पावत्या मराठीत छापता का?

जुळे_सोलापूरकर
मराठीतच. आत्तासुद्धा 'शिल्लक'मधली वेलांटी श च्या पुढं जाऊन बसते आणि 'व्याज'चं जोडाक्षर सुटतं, म्हणून ते दोन शब्द चित्र करून चिकटवलेत.

इंद्रभुवन
ओपनपीडीएफमध्ये लेआउटप्रोसेसर आहे. तो जावाचीच अक्षररचना वापरतो, तो चालू करून देवनागरी फॉन्ट देऊन बघा. पण इथं नको, मेव्हनचा धागा आहे. वेगळा काढा, तिकडं लिहितो.

जुळे_सोलापूरकर
काढतो. आधी ती पिग्मीची भागाकाराची ओळ रिलीज करू द्या, वरून दोनदा फोन येऊन गेला.